दादासाहेबांनी माणसे सोबत कशी नेली?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातील दोन संघटनांच्या एकीकरणाची बैठक झाली. नव्या संघटनेच्या घटनेचा मसुदा आम्हीच तयार केला होता. सभासदत्व, कार्यकारिणी, कोरम, सारे काही कायद्याच्या चौकटीत बसवलेले. वाचन संपल्यावर मागे बसलेले एक वयोवृद्ध कार्यकर्ते उठले आणि त्यांनी एवढेच विचारले की, वस्तीच्या तोंडावर शाखेचा जो फलक आम्ही वर्गणी काढून लावला आहे, त्याचे आता काय करायचे? आमच्याकडे उत्तर नव्हते. वकिली करताना आम्हाला पुष्कळ प्रश्नांची उत्तरे देता येतात, पण या प्रश्नाने आम्हाला गप्प केले.

ज्या कामासाठी माणसाने मार खाल्ला, ते काम आता थांबवायचे आहे असे त्याला सांगायचे, आणि तरीही तो सोबत राहिला पाहिजे. चळवळीत याहून अवघड काही नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना हे आयुष्यात अनेकदा करावे लागले. त्यांच्या जयंतीला आपण हार घालतो, पण त्यांच्या या कामाचा विचार मात्र फारसा करत नाही.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रहींची तुकडी बसली, १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी ठरलेला समझोता मोडला गेला आणि दगडांचा वर्षाव झाला. त्याचे पडसाद गावोगावी उमटले. आपल्या माणसांवर बहिष्कार पडले, रस्ते बंद झाले, मुलांना शाळेतून काढले गेले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि पुढची दोन वर्षे त्यांचे येणे-जाणे चालू राहिले. नाशिकची आघाडी सांभाळली ती दादासाहेबांनी. लोकांना गोळा करणे, तुरुंगात जाणे, जे तुरुंगात गेले त्यांच्या घरांकडे पाहणे, आणि सारा वृत्तांत बाबासाहेबांना कळवणे. बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ती वाचावीत.

या पत्रांपैकी मार्च १९३४ चे पत्र आमच्या विषयासाठी सर्वात महत्त्वाचे आहे. मंदिरप्रवेशाचा लढा आपण मूर्तिपूजक व्हावे म्हणून नव्हता, तर समाजात चेतना यावी आणि त्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. ते कार्य झाले आहे, आता शक्ती राजकारण आणि शिक्षण यांकडे वळवावी, असा त्याचा आशय आहे. विचार करा, हे पत्र ज्याच्या हाती पडले त्याने चार वर्षे खेड्यापाड्यांतून माणसे उठवून त्या दरवाजांसमोर आणली होती. त्यांत भोळ्या श्रद्धेने रामाच्या दर्शनाला आलेलेही असणारच. त्यांना आता काय सांगायचे?

पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला परिषद भरली. बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि नाशिकचा सत्याग्रह थांबवण्याचा ठरावही तिथेच झाला. ज्या जिल्ह्याने मंदिरासाठी सर्वाधिक सोसले, त्याच जिल्ह्यात मंदिराकडे पाठ फिरवण्याचा निर्णय झाला आणि तो जिल्हा फुटला नाही. आमच्या मते याचे कारण सरळ आहे. हा निर्णय सांगणारा माणूस त्यांच्याबरोबर तुरुंगात बसलेला होता. दुसरे म्हणजे जुने काम काढून घेतल्यावर लोकांचे हात रिकामे राहिले नाहीत. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई विधानसभेत निवडून गेले. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. पक्षाचे नाव बदलले, निशाण बदलले, दारावर येणारा माणूस तोच राहिला.

खरी कसोटी लागली ती ६ डिसेंबर १९५६ नंतर. धम्मदीक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि बाबासाहेब गेले. समाजाने धर्म बदलला होता. पक्ष बदलायचा होता, पण बदलणाराच नव्हता. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दादासाहेब नाशिकहून लोकसभेवर गेले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांत पक्षात दुरुस्त आणि नादुरुस्त असे दोन तट पडले. ॲड. बी. सी. कांबळे यांच्या बाजूला शिकलेली मंडळी अधिक होती. सनदशीर मार्ग सोडून दादासाहेब कम्युनिस्टांच्या वाटेने चालले आहेत असा त्यांचा आक्षेप. त्यांच्या धोतराचीही थट्टा झाली. आम्ही स्वतः काळा कोट घालणारे, म्हणून हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. आक्षेपात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. पक्षाला लेखी शिस्त हवीच होती. पण धोतराला हसणाऱ्यांना हे दिसले नाही की खेड्यातला भूमिहीन त्या धोतरामागेच चालत होता.

त्या भूमिहीनासाठी दादासाहेबांनी १९५९ मध्ये मराठवाडा-खानदेशात जमिनीचा सत्याग्रह केला. १९६४ मध्ये बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुष तुरुंगात गेले असे चळवळीच्या नोंदी सांगतात. मागण्या दहा होत्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायदा अमलात आणा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. नीट पाहा, या यादीत प्रत्येकासाठी काहीतरी आहे. सवलत जाईल या भीतीने दीक्षेपासून दूर राहणारा, शेतमजूर, झोपडपट्टीतला माणूस, राखीव जागेची वाट पाहणारा पदवीधर, सारे एका रांगेत. दुरुस्त-नादुरुस्तच्या भांडणातून माणसांना बाहेर काढायला त्यांनी ठराव केला नाही, काम दिले.

दादासाहेब चुकलेही. १९६७ मध्ये काँग्रेसशी केलेला समझोता आम्हाला पटत नाही. त्यातून सामान्य माणसाच्या पदरात थोडे पडले आणि पुढाऱ्यांना सत्तेच्या दाराशी उभे राहायची सवय लागली. बॅ. खोब्रागडे यांच्याशीही फारकत झाली. आयुष्यभर ज्यांनी माणसे जोडली, त्यांना बरोबरीचे सहकारी मात्र टिकवता आले नाहीत. बाबासाहेबांचा निर्णय लोकांपर्यंत नेणे आणि स्वतः निर्णय घेऊन बरोबरीच्यांना पटवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात त्यांच्या तोडीचा कोणी नव्हता.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. पुढच्याच वर्षी पुढाऱ्यांवर चिडलेली पोरे मुंबईत पँथर म्हणून उभी राहिली. १९६४ च्या यादीतल्या दोन मागण्या १९९० मध्ये मान्य झाल्या. संसदेत तैलचित्र लागले आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. जमिनीची मागणी अजून आमच्या कचेरीतल्या गायरानाच्या फायलींत पडून आहे.

आमच्या एकीकरणाची पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. मसुदा तयार आहे, पण तो घेऊन जाण्याआधी आम्ही त्या वृद्ध कार्यकर्त्यांच्या वस्तीत जाऊन यायचे ठरवले आहे. फलक तिथेच बसून पाहू.