विरोधाला अभंगाने उत्तर देणारे रेव्हरंड टिळक

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते. ब्राह्मण कुळात जन्म, संस्कृतचा व्यासंग आणि कवी म्हणून होत असलेला नावलौकिक पाहता त्यांनी ख्रिस्ती व्हावे, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला मानवणारी नव्हती. घर दुरावले, जात सुटली, सोयऱ्याधायऱ्यांची दारे बंद झाली. श्रद्धेपायी असा बहिष्कार वाट्याला आला की माणूस एक तर कडवट होतो किंवा मागे फिरतो. टिळकांनी या दोन्ही वाटा नाकारल्या.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. कवितेची गोडी त्यांना आई जानकीबाईंकडून लाभली; वडील मात्र कठोर स्वभावाचे होते. आईच्या निधनानंतर ते लहान वयातच नाशिकला आले आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. पुढे जालालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच मनकर्णिकेला महाराष्ट्र लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो. टिळक मुलखाचे तापट आणि तितकेच भोळे होते. नोकरी धरावी, सोडावी, हातातले पैसे पहिल्या गरजवंताला देऊन रिकामे व्हावे, अशी त्यांची रीत होती. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले.

जातिभेद त्यांना फार पूर्वीपासून डाचत होता. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार भेट दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. शत्रूवर प्रेम करावे, छळ करणाऱ्यासाठी प्रार्थना करावी, ही त्या प्रवचनाची शिकवण. ज्या शिकवणीने त्यांना ओढून घेतले, तिचीच कसोटी बाप्तिस्म्यानंतर त्यांना द्यावी लागली.

मात्र या निर्णयाचा सर्वांत जबर घाव टिळकांवर नव्हे, तर लक्ष्मीबाईंवर बसला. टिळकांनी आपला मार्ग स्वतः निवडला होता. लक्ष्मीबाईंना कोणी विचारलेही नव्हते. पती जिवंत असून त्या निराधार झाल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना पंढरपुरात नातलगांच्या आधाराने राहावे लागले. श्रद्धेसाठी सोसणाऱ्याचे कौतुक होते. त्याच्या श्रद्धेपायी इतरांना जे सोसावे लागते, ते सहसा दृष्टीआड राहते. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ते मराठी वाचकांसमोर आले, आणि तेही पतीविषयीचा जिव्हाळा कुठेही उणा न होता.

सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर पतिपत्नी पुन्हा जवळ आले, तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे आणि वेगळी चूल सोडली नव्हती. टिळकांचा राग प्रसिद्ध होता. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही. जातीविषयीचा विचार लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशीच केला, आपल्याच पायांनी त्या पुढे आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची कर्मभूमी ठरली. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन केले. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, तर १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. धर्म बदलला म्हणजे देश आणि भाषाही सोडली, हा आक्षेप त्यांच्यावर वारंवार घेतला जाई. त्याला त्यांनी वादाने नव्हे, तर कामाने उत्तर दिले. ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींची भाषांतरित गीते गायिली जात. टिळकांनी तेथे अभंग, भजन आणि कीर्तन आणले. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या घराचे दारही कोणाला बंद नव्हते. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात चमकलेले बालकवी ठोंबरे पुढे नगरला त्यांच्या कुटुंबातच राहिले.

या भूमिकेमुळे नवा विरोध स्वकीयांकडूनच उभा राहिला. ख्रिस्ती माणसाने भारतीयच राहावे, येथील मंडळींनी परदेशी मिशनऱ्यांच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, हा त्यांचा आग्रह अनेकांना रुचला नाही. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना होती. दोन्ही समाजांना हा विचार पचायला जड होता. टिळकांनी मात्र पहिल्या विरोधाच्या वेळी हिंदू समाजाला शत्रू मानले नव्हते, तसे दुसऱ्या वेळी मिशनलाही मानले नाही.

या कामाला पुरेसा अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करणारे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य तेव्हा अपुरे होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी उतारवयात हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी १९३६ साली मृत्यू येईपर्यंत त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. टिळकांच्या धर्मांतराने जिचा संसार उद्ध्वस्त झाला होता, तिनेच त्यांचे अपुरे काव्य तडीस नेले. टिळकांचे अभंग मराठी चर्चमध्ये आजही गायिले जातात.