साडेसात किलो चरबी आणि एक बेंबी : टमी टकच्या सुरुवातीचे डॉ. हॉवर्ड केली

आज मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत टमी टकच्या जाहिराती सर्रास दिसतात. पण पोटावरची लोंबणारी कातडी आणि चरबी कापून काढायचं हे ऑपरेशन सुरू झालं तेव्हा सौंदर्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. चालताना, बसताना त्रास व्हायचा, घडीतली कातडी घामाने सडायची, त्यातून सुटका हवी असायची. फ्रान्समध्ये १८९० मध्ये असा एक प्रयत्न झाला होता. अमेरिकेत ते पहिल्यांदा केलं डॉ. हॉवर्ड अॅटवूड केली यांनी.

केली यांचा जन्म २० फेब्रुवारी १८५८ चा, न्यू जर्सीतल्या कॅम्डेनचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण घेताना तब्येत बिघडली, झोप उडाली. तेव्हा हा गडी अभ्यास सोडून कोलोरॅडोत गेला आणि घोड्यावर बसून गुरं राखू लागला. बरा होऊन परतला आणि १८८२ मध्ये डॉक्टर झाला. फिलाडेल्फियाच्या कामगार वस्तीत त्यांनी बायकांसाठी छोटं रुग्णालय काढलं. १८८९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते स्त्रीरोग विभागाचे प्रमुख झाले. ऑस्लर, वेल्च, हॉलस्टेड आणि केली ही तिथली चौकडी जगभर गाजली.

१८९९ मध्ये केलींनी एका अतिस्थूल बाईच्या पोटावर आडवा, लंबगोल छेद घेतला आणि टरबुजाची फोड काढावी तसा कातडी-चरबीचा एकच तुकडा काढला. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ३१, जाडी ७ आणि वजन सुमारे साडेसात किलो! प्रतिजैविकं तेव्हा नव्हती. एवढी मोठी जखम चिघळली असती तर जिवावरच बेतलं असतं. या पद्धतीत एक उणीव होती. तुकड्याबरोबर बेंबीही गेली.

पुढचे सर्जन याच आडव्या-उभ्याच्या वादात गुंतले. १९१६ मध्ये बॅबकॉक यांनी उभा छेद सुचवला. त्याने कंबरेचा घेर दोन्ही बाजूंनी आवळता येतो, पण पोटाच्या मधोमध उभा व्रण राहतो. आडवा व्रण खाली नेला की कपड्याआड लपतो. म्हणून शेवटी केलींची आडवी दिशाच टिकली, फक्त छेद ओटीपोटाशी उतरला. १९५७ मध्ये व्हर्नन यांनी बेंबी तिच्या देठावर जागच्या जागी ठेवून वरून ओढलेल्या कातडीत तिच्यासाठी नवं भोक पाडलं. बाळंतपणानंतर फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणण्याची जोडही मिळाली. कातडी थोडीच सैल असेल तर छोटा छेद घेऊन बेंबीला हात न लावता भागतं. लायपोसक्शनने नुसती चरबी निघते, लोंबणारी कातडी तशीच राहते. यातलं कुठलंही ऑपरेशन वजन घटवायचा उपाय नाही. पायात रक्ताची गुठळी होणं, जखमेत पाणी साचणं हे धोके आजही आहेत. सिगारेट ओढणाऱ्यांची कातडी काळी पडण्याची भीती जास्त.

केलींचं मोठं काम मात्र स्त्रीरोगातलं. मूत्राशय आतून पाहण्याची रीत त्यांनी बसवली, कर्करोगावर रेडियम वापरणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत ते होते. रक्तवाहिनी पकडायचा त्यांच्या नावाचा चिमटा आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरमध्येही वापरला जातो. स्वभावाने धार्मिक, आणि छंद सापांचा नि अळंब्यांचा!

१८८९ मध्येच डॅन्झिगच्या लेटिशिया ब्रेडो यांच्याशी त्यांचं लग्न झालं, नऊ मुलं झाली. १२ जानेवारी १९४३ रोजी केली गेले. अवघ्या काही तासांत, त्याच दिवशी, लेटिशियाबाईंनीही डोळे मिटले.