विश्लेषण : डोळ्यातील कृत्रिम भिंग जागेवर राहणे का महत्त्वाचे? रिडली यांचे योगदान काय?

कल्पना कशी सुचली?
दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छताचे पर्स्पेक्स प्लास्टिक फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. हे तुकडे डोळा सहन करतो, हे ब्रिटिश नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली (१९०६-२००१) यांनी हेरले. मोतीबिंदू काढल्यावर तशाच प्लास्टिकचे भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रथमच डोळ्यात बसवले.

विरोध का झाला?
डोळ्यात परकी वस्तू ठेवणे अनेक ज्येष्ठांना अमान्य होते. त्यातच हे भिंग जड, त्याला आधाराचे बाहूही नव्हते. काही रुग्णांत ते जागेवरून सरकले. पुढच्या संशोधकांनी भिंग हलके केले, बाहू जोडले.

आज स्थिरता का हवी?
दृष्टिवैषम्य घालवणारे टोरिक भिंग ठरलेल्या अक्षावरच बसावे लागते. ते एक अंश फिरले, तर सुमारे ३ टक्के परिणाम घटतो. ३० अंश फिरल्यास जवळपास काहीच उरत नाही.

रिडली यांना न्याय मिळाला?
उशिरा. १९८६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, २००० मध्ये ‘सर’ किताब. त्याआधी त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसली होती, तीही सेंट थॉमसमध्येच.