रेव्हरंड टिळकांची उमेद

मैत्रिणींनो, बचत गटाच्या कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात माझं जाणं-येणं असतं. पाळकांच्या घरीही बसणं होतं. कुणाचं आजारपण, कुणाचं भांडण, कुणाची माती, सगळीकडे धावायचं यांनीच. आणि हेच खचले तर? अशा वेळी मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात.

आपल्याला ते शाळेतल्या फुलामुलांच्या कवितांमुळे माहीत. पण १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नातीगोती तुटली. लक्ष्मीबाईही काही वर्षं दूरच राहिल्या. पुढे दोघांचा संसार पुन्हा जुळला, १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, दोघांनी दुष्काळातली अनाथ मुलं घरी आणून सांभाळली.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादनही १९१२ पासून त्यांच्याकडे होतं. मान होता, काम होतं, तरी मनाला समाधान नव्हतं. मंडळीनं परदेशी मिशनच्या आधारावर किती दिवस चालायचं, हा सल त्यांना होता. येशूची भक्ती आपल्या मातीतली वाटावी म्हणून त्यांनी शंभराहून जास्त भजनं लिहिली, कीर्तनाचा मार्ग धरला. शेवटी १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी सोडली. काम मात्र सोडलं नाही! साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही कल्पना. त्या वयात हक्काचा पगार सोडायचा, म्हणजे घरात काय झालं असेल ते आपण बायकाच जाणतो.

टिळक तापट, लहरी आणि हातचं देऊन टाकणारे. मला विचाराल तर त्यांची उमेद टिकली त्यात लक्ष्मीबाईंचा वाटा फार मोठा. त्या मुकाट्यानं मागे चालणाऱ्या नव्हत्या. भांडायच्या, थट्टा करायच्या, आणि पुन्हा कामाला लागायच्या. पाळकाच्या बायकोची चौकशी आपण कधी करतो का हो?

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला दोन वर्षंही मिळाली नाहीत. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा अध्यायांवर थांबलं होतं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहाय-वाचायला नवऱ्यानंच शिकवलेलं. त्यांनी ते पुढे लिहायला घेतलं आणि स्वतःचे चौसष्ट अध्याय घालून पूर्ण केलं.