पाण्यातून शक्ती

जमशेदजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी या गावी एका पारशी पुरोहित घराण्यात झाला. बालपणीच ते मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पुरे झाल्यावर वडिलांच्या व्यापारात शिरले.

पुढे नवी कापडगिरणी काढावी, असे त्यांच्या मनाने घेतले. इतर व्यापारी मुंबई सोडावयास तयार नसत. जमशेदजींनी मात्र नागपूर निवडले. कारण वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकणारा कापूस तेथून जवळ होता, कोळशाच्या खाणी फार दूर नव्हत्या आणि रेल्वेची सोय होती. मिळालेली जागा दलदलीची होती. ती भरून काढणे म्हणजे सोने मातीत पुरणे होय, असे एका सावकारास वाटले. परंतु १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल भरभराटीस आली.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. हा कोळसा दुरून आणावा लागे, म्हणून तो महाग पडे. शिवाय त्याच्या धुराने शहराचे आकाश काळवंडून जाई. दुसरीकडे सह्याद्रीवर दर पावसाळ्यात धो धो पाणी कोसळे आणि पाहता पाहता वाहून जाई. हे पाणी अडवून त्यापासून वीज निर्माण करावी, ही डेव्हिड गॉस्टलिंग यांची योजना जमशेदजींनी उचलून धरली. लोणावळ्याजवळ तलाव बांधावयाचे, तेथील पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस सोडावयाचे आणि त्याच्या जोराने चक्रे फिरवून वीज तयार करावयाची, असे या योजनेचे पुढे स्वरूप ठरले.

ती सिद्धीस गेलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पुत्र दोराबजी व रतनजी यांनी पित्याचे कार्य पुढे चालविले. १९१० साली कंपनी स्थापन झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली मार्गावरही अशा गाड्या सुरू झाल्या. या गाड्यांना सह्याद्रीच्या पाण्यापासून झालेली वीज मिळे. पुढे रेल्वेने कल्याणजवळ स्वतःचे विद्युतगृह उभारले. ते मात्र कोळशावर चाले. गाडी तीच, पण तिचा धूर आता दूरच्या धुराड्यातून निघू लागला.

पाण्याच्या विजेलाही मोल द्यावे लागले. टाटांच्या मुळशी येथील धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला व सेनापती बापट त्याचे नेते झाले. अखेर धरण झाले आणि मावळातील अनेक गावे बुडाली.

वऱ्हाडातील अचलपूरच्या शकुंतला गाडीला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. आज शेजारच्या चांदूर बाजारवरून जाणाऱ्या अमरावती-नरखेड मार्गावर विजेची इंजिने धावतात आणि फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कोळशाचे कण उडत नाहीत. पण देशातील बहुतेक वीज अजूनही कोळशापासूनच होते. सूर्य व वारा यांचा वाटा आता कोठे वाढत आहे. म्हणून गाडी स्वच्छ आहे की नाही, हे केवळ इंजिनाकडे पाहून कळत नाही; तिची वीज कोठून येते आणि तिच्यासाठी कोणाला काय सोसावे लागते, हेही पाहावे लागते. शक्तीच्या उगमाचा विचार जमशेदजींनी सव्वाशे वर्षांपूर्वी केला. त्या शक्तीचे खरे मोल मुळशीच्या शेतकऱ्यांनी जगापुढे मांडले.