मोडक्या पिस्टनांची फळी

बाइकचं इंजिन सीझ झालं की मेकॅनिक सगळं खोलून पेपरवर मांडून ठेवतो, ते दृश्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ओरखडे पडलेला पिस्टन, तुटलेल्या रिंगा, तापून निळा पडलेला कनेक्टिंग रॉड. मग तो खर्चाचा आकडा सांगतो आणि आपण गप्प होतो. नवं बोअर किट येतं, जुनं भंगारात जातं, चार दिवसांत गाडी परत रस्त्यावर. तो फुटका पिस्टन घरी आणून फळीवर मांडून ठेवणारा कुणी भेटलाय तुम्हाला?

न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल नावाच्या शहरात असा एक माणूस होता. त्याच्या शेडमध्ये मोडक्या भागांची अख्खी फळी होती, कायम भरलेली. आणि हा सगळा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे, अशा अर्थाची ओळ त्यानं तिथे स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती.

त्याचं नाव बर्ट मन्रो. २००५ साली त्याच्यावर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा सिनेमा आला, अँथनी हॉपकिन्सनं त्याची भूमिका केली. नावातलं ‘इंडियन’ वाचून आपल्याकडे अनेकांची कॉलर ताठ झाली असेल. ती जरा सैल करा. हा इंडियन म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात बनणारी मोटरसायकल. आपला तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ चा. जुळ्यांपैकी हा वाचला, बहीण जन्मतःच गेली. घर शेतकऱ्याचं. १९२० मध्ये त्यानं एक नवीकोरी इंडियन स्काउट घेतली. ६०० सीसीचं, इंग्रजी व्ही अक्षरासारखं दोन सिलिंडरचं इंजिन आणि ताशी जेमतेम ९० किलोमीटरचा वेग. त्या काळात हा वेग काही कमी नव्हता. दुसरा कुणी असता तर चार-पाच वर्षं हौसेनं फिरवून विकून मोकळा झाला असता. यानं १९२६ मध्ये तिचं इंजिन खोललं आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते खोल-बांध करतच राहिला.

पन्नास वर्षं, एकच गाडी. मधल्या काळात त्यानं १९३६ ची एक व्हेलोसेटही घेतली आणि तिच्यावरही असेच प्रयोग केले. पण जीव होता तो स्काउटवर.

तो काही इंजिनीअर नव्हता. काही काळ स्पीडवेच्या शर्यतींत पैसे कमावले, मग मंदी आली आणि घरच्या शेतावर परतावं लागलं. पुढे मोटरसायकलींचा सेल्समन आणि मेकॅनिक म्हणून नोकरी धरली. दिवसा नोकरी, रात्री शेडमध्ये स्काउट. पैसा बेताचाच, त्यामुळे तयार सुटे भाग मागवणं परवडणारं नव्हतं. पुढे १९५३ मध्ये तर इंडियनचा कारखानाच बंद पडला. म्हणजे खिशात पैसे असते तरी मागवायचं कुठून, हा प्रश्न होताच. जे लागेल ते घरी बनवायचं, एवढाच रस्ता उरला.

आता ‘घरी बनवायचं’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. कारण खरी गोष्ट इथेच आहे.

पिस्टन. भंगारातलं अॅल्युमिनियम वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. साचा म्हणून जुने पत्र्याचे डबे. ऐकायला सोपं वाटतं. पण अॅल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जास्त फुगतं आणि सिलिंडर बिडाचा असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट कमी ठेवली, तर गरम झाल्यावर पिस्टन जागेवर आवळून बसतो. हेच ते आपलं ‘सीझ’. फट जास्त ठेवली, तर जळलेला वायू बाजूनं निसटतो, ताकद जाते आणि पिस्टन खडखडत राहतो. फरक असतो केसाच्या जाडीइतका. हा हिशेब कंपन्या महागड्या उपकरणांनी करतात. मन्रोकडे मायक्रोमीटरच्या जागी चाकाचा एक जुना स्पोक होता.

सिलिंडर त्यानं गॅसच्या जुन्या बिडाच्या नळापासून बनवले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या अॅक्सलचं पोलाद घेऊन हातानं घडवले. त्या पोलादातून रॉडचा आकार हातानं काढायला किती वेळ लागत असेल, याचा अंदाज ज्यानं आयटीआयमध्ये फायलिंगचा जॉब केलाय त्यालाच येईल. एक चौकोनी ठोकळा काटकोनात आणताना खांदे भरून येतात. फ्लायव्हील त्याची, कॅम त्याचे, तेल फिरवायची व्यवस्थाही त्याचीच.

सगळ्यात मोठा बदल वॉल्वचा. मूळ स्काउटचे वॉल्व सिलिंडरच्या शेजारी, खालच्या बाजूला होते. त्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण वळसा घेऊन आत शिरायचं आणि फार दाबताही यायचं नाही. मन्रोनं वॉल्व वर, हेडमध्ये नेले. मिश्रण सरळ आत, जास्त दाब, जास्त फेरे, जास्त ताकद. कारखान्यानं जे इंजिन एका पद्धतीचं म्हणून विकलं, ते यानं शेडमध्ये दुसऱ्याच पद्धतीचं करून टाकलं.

मग ते फुटायला लागलं, साहजिकच. इंजिनात पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलट दिशेनं पळतो. त्याला थांबवायचं आणि खेचायचं काम रॉडचं. फेरे दुप्पट झाले की रॉडवरचा हा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. ६०० सीसीसाठी आखलेल्या क्रँककेसमध्ये तुम्ही हळूहळू साडेआठशे, नऊशे, साडेनऊशे सीसी कोंबताय आणि वर ते मूळ वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरवताय. कुठेतरी काहीतरी तुटणारच. आणि पूर्ण वेगात रॉड तुटला की तो एकटा जात नाही. पिस्टन, सिलिंडर, वॉल्व, कधीकधी क्रँककेसची भिंतसुद्धा घेऊन जातो. महिनोन्‌महिन्यांचं काम एका सेकंदात खलास.

मन्रोच्या बाबतीत हे एकदा-दोनदा नाही, वारंवार झालं. दर वेळी इंजिन उतरवायचं, काय शिल्लक आहे ते बघायचं, पुन्हा वितळवायचं, पुन्हा कानस. आणि फुटलेला तुकडा फळीवर. मला विचाराल तर ती फळी निव्वळ गंमत नव्हती. तुटलेला भाग बोलतो. पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं असेल तर उष्णता जास्त झालीय. बाजूला ओरखडे असतील तर तेल पोचलं नाही किंवा फट चुकली. रॉड मधूनच तुटला असेल तर धातू किंवा आकार बदलायला हवा. जुना भाग भंगारात दिला की ही माहितीही भंगारात जाते. मन्रोकडे ना प्रयोगशाळा होती ना संगणक. त्याच्याकडे ही फळी होती.

त्याची चाचणीची जागा होती ओरेटी बीच. इन्व्हरकार्गिलजवळचा लांबलचक, कडक वाळूचा किनारा. १९४० मध्ये त्यानं ताशी १९४ किलोमीटरच्या वेगानं न्यूझीलंडचा रस्त्यावरचा विक्रम केला. १९५७ मध्ये किनाऱ्यावरचा, ताशी २११ चा. त्या वर्षी त्यानं वयाची ५८ वर्षं पूर्ण केली.

सिनेमा पाहून म्हातारा गोड वाटतो आणि त्याच्या हट्टाचं कौतुकच वाटत राहतं. पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. १९२७ मध्ये त्याचं लग्न झालं, चार मुलं झाली. १९४७ मध्ये घटस्फोट. पुढे नोकरी सोडली आणि हा माणूस एका लॉक-अप गॅरेजमध्ये राहायला गेला. म्हणजे बाइक ठेवायची जागा तेच घर. झोपायला उठायला समोर इंजिन. हे कुणाला स्वप्नवत वाटेल, पण ज्या घरात रात्र रात्र कानशीचा आवाज येत होता तिथल्या बाकीच्या माणसांना काय वाटत असेल, ते सिनेमात फारसं दिसत नाही. फळीवर न मांडलेल्या मोडक्या गोष्टीही असतातच.

बॉनव्हिल हे अमेरिकेतल्या युटा राज्यातलं मिठाचं मैदान. सपाट, पांढरं, मैलोन्‌मैल. वेगाचे विक्रम तिथे होतात. मन्रो तिथे एकूण दहा वेळा गेला. पहिल्यांदा नुसता बघायला, नंतरच्या नऊ वेळा धावायला. हृदयाचा त्रास सुरू झाला होता, तरी समुद्र ओलांडून चाळीस वर्षांची जुनी गाडी घेऊन तो पोचायचा. तिथला आणखी एक पेच सांगतो. ओरेटी समुद्राच्या पातळीवर, तर बॉनव्हिल साधारण १२८० मीटर उंचीवर. हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. किनाऱ्यावर बरोबर लावलेला कार्ब्युरेटर तिथे जास्त पेट्रोल सोडतो. घाटावर गाडी नेल्यावर ती मरगळल्यासारखी होते, त्याचाच हा मोठा भाऊ. म्हणजे घरी केलेल्या सेटिंगचा इथे उपयोग शून्य, मिठावर बसून पुन्हा सगळं लावायचं.

१९६२ मध्ये ८५० सीसी इंजिन आणि ताशी सुमारे २८८ किलोमीटर, विश्वविक्रम. १९६६ मध्ये वरच्या गटात ताशी २७० चा दुसरा. १९६७ मध्ये ९५० सीसी आणि दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी ताशी सुमारे २९५. त्याच वर्षी पात्रतेच्या एका धावेत गाडी ताशी ३०५ च्या वर गेली. स्वार ६८ वर्षांचा, गाडी ४७ वर्षांची, अंगावर फायबरग्लासचं निमुळतं कवच.

ते आकडे वाचताना तो १९६७ चाच दुसरा प्रसंगही लक्षात असू द्या. अर्धं अंतर पार केल्यावर गाडी लटपटायला लागली. वेग कमी करायला मन्रोनं कवचातून वर डोकं काढलं, वाऱ्यानं गॉगल उडवून नेला आणि डोळ्यांपुढे काही दिसेनासं झालं. मार्गाच्या कडेला रोवलेली लोखंडी खूण काही इंचांनी चुकली. शेवटी त्यानं गाडी मिठावर आडवी घातली. थोडं खरचटण्यावर निभावलं. याला मी शौर्य म्हणणार नाही, नशीब म्हणेन. पण इंजिनाचं तसं नव्हतं. ते नशिबावर त्या वेगाला पोचलं नव्हतं.

जाता जाता नावाची गंमत. त्याचं मूळ लाडकं नाव ‘बर्ट’च, पण स्पेलिंगमध्ये ‘ई’. एका अमेरिकी मासिकानं चुकून ‘यू’ छापलं. यानं तक्रार केली नाही, तेच स्पेलिंग कायमचं घेऊन टाकलं.

१९७७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. हातापायांवर पूर्वीसारखा ताबा राहिला नाही. गाडी आपल्या भागातच राहावी अशी त्याची इच्छा होती, म्हणून त्यानं दोन्ही मोटरसायकली गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी तो गेला. इन्व्हरकार्गिलला गेलात तर ई. हेज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानात स्काउट बघायला मिळते. खिळे, स्क्रू, ड्रिल मशिन घ्यायला आलेली गिऱ्हाईकं तिच्या शेजारून जातात.

१९६७ च्या त्या विक्रमाचं एक राहिलं. दोन धावांची सरासरी काढताना तेव्हा अधिकाऱ्यांकडून गणितात चूक झाली होती. कित्येक दशकं कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मन्रोच्या मुलानं, जॉननं, ती दाखवून दिली. २०१४ मध्ये, बाप जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशननं आकडा दुरुस्त केला. ताशी १८३.५८६ मैलांच्या जागी आता १८४.०८७.