एक्स्प्लेनर : ‘क्लाउड’ येण्याच्या कितीतरी आधी कुलाब्यात होता देशाचा सामाईक संगणक, होमी भाभांनी तो का आणला?

गंगाखेड तालुक्यातला एखादा शेतकरी मोबाइलवर सातबारा उघडतो, तेव्हा तो उतारा फोनमध्ये साठवलेला नसतो. तो येतो दूरच्या एका डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरून. त्या एकाच सर्व्हरचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. याला म्हणतात व्हर्च्युअलायझेशन. अशी हजारो यंत्रं नेटवर्कने जोडून लागेल तेवढी ताकद भाड्याने दिली, की झाला क्लाउड.

पण एक महागडं यंत्र अनेकांनी वाटून वापरायचं, ही कल्पना जुनी आहे. महाराष्ट्रात तिचा मोठा प्रयोग १९६४ मध्ये मुंबईत कुलाब्याला सुरू झाला. त्यामागे होते डॉ. होमी जहांगीर भाभा. देश त्यांना अणुशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो, संगणकाची बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही.

मेकॅनिकल इंजिनिअर ते भौतिकशास्त्रज्ञ

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. टाटांशी नातं होतं. मुलाने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं, असं घरच्यांनी ठरवलं होतं. मुलाचा जीव गणित आणि भौतिकशास्त्रात. (इंजिनिअरिंगला गेलेल्या अनेकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.) वडिलांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग गणित शिक. भाभांनी १९३० मध्ये ती अट पूर्ण केली आणि मग कारखान्याचं नाव काढलं नाही. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला आणि जगभर नाव झालं.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं राहून गेलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करताना त्यांचा बेत बदलला. चांगलं संशोधन इथेच उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे प्रस्ताव पाठवला. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली.

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. त्या दिवशी परभणी अजून निजामाच्या राज्यात होती. मराठवाडा मुक्त व्हायला महिना-सव्वा महिना बाकी होता.

विकत घ्यायचा की बनवायचा?

अणुसंशोधनाला प्रचंड आकडेमोड लागते. पन्नाशीच्या दशकात त्यासाठी देशासमोर दोन वाटा होत्या. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ब्रिटनहून ‘एचईसी-२एम’ हा संगणक विकत आणला. भाभांच्या संस्थेने स्वतः बनवायला घेतला. जबाबदारी होती आर. नरसिंहन यांच्या तरुण टीमवर. त्यातल्या बहुतेकांनी आधी संगणक वापरलाही नव्हता.

१९५६ च्या अखेरीस छोटं प्रायोगिक यंत्र चालू झालं. पूर्ण आकाराचा संगणक कामाला लागायला १९६० उजाडलं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १५ जानेवारी १९६२ रोजी संस्थेच्या कुलाब्यातल्या इमारतींचं उद्घाटन करताना पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं ‘टिफ्रॅक’.

अभिमान वाटावा असं काम होतं, यात शंका नाही. पण यंत्र तयार होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. टिफ्रॅक जन्मतःच मागे पडला होता. इथे भाभांनी हट्ट धरला नाही. १९६४ मध्ये अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनचा ‘सीडीसी ३६००’ हा त्या काळातला बलाढ्य संगणक टीआयएफआरमध्ये बसवण्यात आला आणि त्याभोवती राष्ट्रीय संगणक केंद्र उभं राहिलं. विद्यापीठं, संशोधन संस्था, सरकारी खाती, सगळ्यांना तो खुला होता. प्रत्येकाने वेगळा संगणक घेण्याइतकं परकीय चलन देशाकडे नव्हतंच.

मग हा क्लाउड होता का?

पूर्णपणे नाही. सामाईक विहिरीचं उदाहरण घ्या. चार भावांची एक विहीर असते आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. कुलाब्याच्या संगणकावर तशाच पाळ्या होत्या. प्रोग्राम कार्डांवर छिद्रं पाडून लिहायचा, गठ्ठा द्यायचा आणि नंबर लागला की छापील उत्तर घ्यायचं. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा रांगेत.

व्हर्च्युअलायझेशनमध्ये विहीर एकच असते, पण प्रत्येक भावाला आपली स्वतंत्र मोटार दिवसभर चालू आहे असं वाटतं. योगायोग म्हणजे, त्याच १९६४ मध्ये अमेरिकेत आयबीएमचे इंजिनिअर एका यंत्राची अनेक आभासी यंत्रं करण्याच्या मागे लागले होते. साध्या सर्व्हरवर ते तंत्र १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने रुळवलं, तर अॅमेझॉनने २००६ मध्ये संगणकाची ताकद तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली.

भाभांना कसली चिंता होती?

१९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्र सरकारने १९६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष भाभा, सदस्य विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव. समितीचा रोख स्पष्ट होता. रडारपासून संगणकापर्यंत सगळं बाहेरून येत राहिलं, तर अडचणीच्या वेळी पुरवठादार ठरवेल तेच होईल. सुटे भागही इथेच बनले पाहिजेत. सीडीसी विकत घेणाऱ्या भाभांनीच हे मांडावं, यात वरवर विसंगती दिसते. पण आज लागणारं यंत्र विकत घ्यायचं आणि उद्याचं बनवायला शिकायचं, ही दोन्ही कामं ते एकाच वेळी करत होते.

ही चिंता आजही जुनी झालेली नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवाने विकणं बंद करून वर्गणी पद्धत आणली. जगभरातल्या कंपन्यांचे आयटी विभाग तेव्हापासून खर्चाचा हिशेब आणि पर्याय शोधत आहेत. भारत सरकारने आपल्या खात्यांसाठी ‘मेघराज’ नावाचा क्लाउड उभारला आहे. त्यातल्या सर्व्हरच्या चिप मात्र अजूनही बहुतांशी परदेशी बनावटीच्या आहेत.

२४ जानेवारी १९६६

व्हिएन्नाच्या बैठकीसाठी निघालेल्या भाभांचं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. विमानातले सर्व ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. इलेक्ट्रॉनिक्स समितीचा अहवाल त्याच वर्षीचा.

१९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी सुरू झाली, समितीतल्याच ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली. १९६९ मध्ये तिचा ‘टीडीसी-१२’ हा देशी संगणक आला. टीआयएफआरमधल्या संगणक गटातून पुढे एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था झाली आणि १९८६ मध्ये देशातल्या आठ संस्थांना जोडायला निघालेल्या ‘अर्नेट’ नेटवर्कमध्ये ती एक होती. कार्डांचा गठ्ठा घेऊन कुलाब्याला जाण्याची गरज संपायला तिथून सुरुवात झाली.